एका पत्राचे अठरा दिवस आणि खाजनातला उन्हाळा

फील्डवर्कसाठी माझ्याकडे छत्तीस दिवस होते. त्यातले अठरा परवानगीच्या पत्रात गेले. निम्मा उन्हाळा मी बांधावर नाही, एका कार्यालयाच्या बाकावर काढला आणि तो राग अजून गेलेला नाही. पुढच्या मे महिन्यात कुणी याच कामाला निघणार असेल तर त्याचे तरी दिवस वाचावेत, म्हणून लिहिते आहे.

मी गोव्यातल्या डिचोलीची, प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी. दुसरं वर्ष संपल्यावर पाणथळ जागांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत नाव दिलं. अर्ज, मुलाखत सगळं आठवड्याभरात झालं. माझ्या वाट्याला तिसवाडी तालुक्यातलं एक खाजन आलं, म्हणजे खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली सखल शेतजमीन. बांध कुठे गळतो, मानशीच्या (बांधातलं पाणी अडवायचं-सोडायचं दार) आत आणि बाहेर पाणी किती खारट आहे, पहाटे कुठले पक्षी दिसतात, याच्या नोंदी ठेवायच्या. जागेची लेखी परवानगी मात्र ज्याची त्याने आणायची होती.

अर्जाच्या विषयात मी लिहिलं, ‘पाणथळ जागेचे सर्वेक्षण’. सगळं अडलं ते ‘पाणथळ जागा’ या दोन शब्दांपाशी.

पहिल्या दिवशी आवक शिक्का मिळाला. चौथ्या दिवशी, "सायब भायर गेला, फाल्यां यो." मी दुसऱ्या दिवशी गेले, साहेब बैठकीत. सातव्या दिवशी अर्ज दुसऱ्या टेबलावर गेला आणि तिथल्या बाईंनी सर्व्हे नंबर मागितला. मी तो आणला. मग फॉर्म एक-चौदा, म्हणजे जमिनीचा उतारा मागितला, तोही आणला. मग नकाशा. हे तिन्ही कागद पहिल्याच दिवशी एका दमात सांगता आले असते. डिचोलीहून पणजी, पणजीहून पुढची बस, आणि प्रत्येक फेरीला एकच कागद. अकराव्या दिवशी एका कारकुनाने फॉर्मवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हें शेत, तळें न्हय." अर्ज आणखी एका टेबलावर गेला. पंधराव्या दिवशी तो पहिल्या टेबलावर परत आला, वर शेरा होता: ‘आमच्या अखत्यारीत येत नाही.’ मग कुणाच्या अखत्यारीत येतं, ते कुणीही सांगितलं नाही. मी तीनदा विचारलं.

त्या बाकावर बसून मला खरी धास्ती होती ती पावसाची. साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात गोव्यात मॉन्सून येतो. एकदा तो आला की बांधाच्या भेगा दिसत नाहीत आणि खारटपणाचे आकडे पार बदलतात. ज्या कामाला मे महिनाच लागतो ते जुलैत करता येत नाही, हे त्या टेबलांवर कुणाला पटवता आलं नाही.

कारकून चुकीचं बोलत नव्हता, हे मला नंतर कळलं. पाणथळ जागांसाठी केंद्राचे 2017 चे नियम आहेत आणि त्यांतल्या व्याख्येतून भातशेती वगळलेली आहे. पाणथळ जागांसाठीच्या 1971 च्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराची व्याख्या खूप मोठी आहे, भातखाचरंही तिच्यात बसतात. मी वर्गात शिकले होते ती रामसरची व्याख्या, कार्यालयात चालते ती नियमांची. कुडचड्याचं नंदा तळं 2022 मध्ये गोव्याचं पहिलं रामसर स्थळ झालं. तिथे ‘पाणथळ’ म्हटलं की कुणी भुवया उंचावत नाही. खाजन मात्र दोन्हींच्या मध्ये अडकतं. पावसाळ्यात तिथे भात असतं, बाकीचे महिने खारं पाणी, मासे आणि बगळे. कागदावर ते फक्त शेत.

सोळाव्या दिवशी कार्यालयात न जाता मी सरळ मानशीवर गेले. मानस सांभाळणारे काका जाळं सुकवत होते. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या असोसिएशनाच्या अध्यक्षाक विचार मगो." तेव्हा उलगडा झाला. खाजनाचा बांध आणि मानस राखायचं काम कुळांच्या संघटनेकडे असतं, मानशीवरच्या मासेमारीचा लिलावही तीच करते. राखण तिची, पाणी अडवणं-सोडणं तिच्या हातात. आणि मी अर्ज दिला होता भलत्याच दारात.

अध्यक्ष दोन दिवस लग्नाला गेले होते. अठराव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी बलकांवात (घरापुढच्या ओसरीत) बसवलं, नवा अर्ज वाचला आणि दहा मिनिटांत लेटरहेडवर सही करून दिली. नव्या अर्जात मी लिहिलं होतं, ‘बांधाची पाहणी व मानशीजवळील पाण्याची तपासणी’. एवढाच फरक. घरी परतताना बसमध्ये मला रडू आलं.

तेव्हा तुम्हाला खाजनात काम करायचं असेल तर आधी कुळसंघटना गाठा आणि अर्जात तिथलेच शब्द लिहा: खाजन, बांध, मानस. आवक क्रमांकाचा फोटो काढून ठेवा. तळं किंवा अभयारण्य असेल तर वाट वेगळी आहे. चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यासाठी वन खात्याकडेच जावं लागतं.

उरलेले अठरा दिवस फार भरून गेले. भरती-ओहोटीचं वेळापत्रक जवळ ठेवा, वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. दुसऱ्या दिवशी मी आदल्या दिवसाच्याच वेळेला गेले आणि काकांबरोबर उगाच ताटकळले. गमबूट नकोत, चिखल ते पायातून ओढून घेतो. जुने कॅनव्हासचे बूट घट्ट बांधा. अनवाणी अजिबात नको, कालवांच्या शिंपल्यांनी माझा तळवा कापला.

एक गोष्ट मात्र घाई न करता बघा. ओहोटी संपते तेव्हा मानशीत पाणी काही क्षण थांबतं. मी एका तरंगणाऱ्या पानावर नजर ठेवून बसायचे. पान जागच्या जागी राहतं, मग हळूच गोल फिरतं आणि आत यायला लागतं. लाकडी दार थरथरतं, बाहेरचं पाणी चढत जातं आणि त्याच दाबाने दार धप्पकन मिटतं. कुणी हात लावत नाही. फटींतून थोडं पाणी फुसफुसत राहतं, तेवढंच. पुढच्या ओहोटीला आतलं पाणी तेच दार ढकलून बाहेर जातं. मी पुस्तकात झडपा वाचल्या होत्या, पण नदीचं वजन एका दाराने पेललेलं पहिल्यांदा पाहिलं.

खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर रोज आधी डिस्टिल्ड पाण्याने शून्यावर आणायचा, हे मी दोन दिवस विसरले आणि ते दोन दिवस वहीतून खोडावे लागले. मेच्या शेवटी खारटपणाचे माझे आकडे होते मानशीबाहेर हजारी 31, आत 24. बांधाला कुर्ल्यांची बिळं सत्तावीस मोजली. त्यांतल्या चारांतून भरतीला पाणी झिरपत होतं. काकांनी त्यांतली दोन ओल्या चिखलाने आणि पेंढ्याने बुजवली, दोन मला बुजवायला दिली. हिवाळी पाहुणे पक्षी तोवर परत गेलेले असतात, पण खंड्या, टिटव्या, बगळे आणि डोक्यावर ब्राह्मणी घार, यांनी वही भरली.

पाऊस लागला आणि मी घरी परतले. आठवड्याभराने काकांचा फोन आला. आकडा वगैरे काही नाही, एवढंच म्हणाले, "बाय, उदक गोडें जालें. आतां पेरतले."