उभ्याने जेवणारा आचारी

सांगली, रात्रीचे साडेअकरा

भटारखाना धुऊन झाला, पोरे झोपायला गेली आणि आठवडाभर उशाशी पडून असलेला ज्वारीवरचा लेख आज वाचून संपवला. भाकरीला पाणी कढतच हवे, असे मी वीस वर्षे हाताखालच्या पोरांना बजावत आलो आहे. का, असे कोणी विचारलेच तर 'गुमान घे' एवढेच या वस्तादाचे उत्तर. ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसते, म्हणून उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुगवून चिकट करावा लागतो आणि तोच भाकरी थापताना तिला धरून ठेवतो, हे त्या लेखकाने चार ओळींत सांगितले आहे. मला त्याहून भावले ते पुढचे: शाळूच्या गरम भाकरीचा पापुद्रा सोडवून आत लोण्याचा गोळा ठेवल्यावर तो विरघळेपर्यंत थांबावे लागते, ते थांबणेही जेवणातच धरावे, असे तो म्हणतो. हा माणूस नक्की मांडी घालून जेवणारा असणार.

खाण्यावरचे बरेचसे लेखन 'अप्रतिम'च्या पुढे सरकत नाही. (आमच्या भरतालाही कोणी तसे म्हणून गेले, पण वांगे कृष्णाकाठचे होते आणि आरावर भाजले होते, याचा त्यात पत्ता नाही.) कमलाबाई ओगल्यांनी १९७० च्या 'रुचिरा'त वाटी-चमच्याची मापे दिली, त्यांचे मोल मला फार उशिरा, म्हणजे माझ्या 'अंदाजाने टाक'वर विसंबून एका नव्या पोराने अख्खी आमटी खारट केली तेव्हा कळले.

हळदीवरही कोणी असे निगुतीने लिहावे. रोज फोडणीत पडणारी ही हळद हरिपूरच्या पेवांत, जमिनीच्या पोटात, वर्षानुवर्षे टिकत असे आणि २००५ च्या महापुराने त्यांतली कितीतरी पेवे निकामी केली, हे माझ्या पोरांना कोठे ठाऊक आहे?

लेख मिटल्यावर ध्यानात आले की दुपारी चारला मी नेहमीप्रमाणे कढईशेजारी उभ्याउभ्याच जेवलो आणि काय जेवलो ते आता आठवत नाही. दुरडीत एक भाकरी उरली होती. लोणी संपले होते. शेंगदाण्याची चटणी घेतली, तिच्यावर तेल ओतले आणि पाट मांडून बसलो.