सत्तावन्न किलोचा हट्ट

नवतप्याचा, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतला, तिसरा दिवस होता. नागपुरात या दिवसांत दुपारी एकनंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. मी मात्र तालमीमागच्या टिनाच्या खोलीत कूलर बंद करून, अंगावर प्लॅस्टिकचा रेनकोट आणि त्यावर दोन स्वेटर चढवून दोरीच्या उड्या मारत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कुस्तीच्या निवड चाचणीचं वजन होतं, गट ५७ किलोचा. काट्यावर मी ५८.३ होतो. तीस तास पाणी प्यायलो नव्हतो, फक्त चूळ भरून टाकत होतो.

५७ च का? ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या फ्रीस्टाइल कुस्तीला सहाच गट आहेत आणि ५७ नंतर थेट ६५ येतो. जागतिक स्पर्धेत मधे ६१ आहे, ऑलिंपिकमध्ये नाही. माझं खाऊन-पिऊन वजन ६२.८. ६५ मध्ये येणारे पहिलवान एरवी सत्तरच्या आसपास असतात. म्हणून तालमीत सगळ्यांनी ठरवलं होतं की मी ५७ चाच, आणि मीही ते मानलं होतं.

पहिले तीन दिवस मीठ, पोळी, भात बंद केला की दोन-अडीच किलो पटकन जातात. शरीरात साठवलेल्या दर ग्रॅम ग्लायकोजेनसोबत, म्हणजे साखरेच्या साठ्यासोबत, सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं, ते निघून जातं. चरबी जवळपास तशीच राहते. हे मला फार नंतर कळलं, तेव्हा वाटायचं की आपण तयार होतोय. पुढचं सगळं घामावर आणि थुंकीवर. आवळ्याची सुपारी चघळत डब्यात थुंकत बसायचं. तालमीतल्या काट्यावर कुणाचा भरवसा नव्हता, म्हणून इतवारीत ओळखीच्या धान्याच्या दुकानात दिवसातून तीनदा काट्यावर उभं राहायचं. शेवटच्या दिवशी एका मोठ्या पोट्ट्यानं लघवी होण्याची अर्धी गोळी दिली. "सगळेच घेतात," म्हणाला. लघवीच्या अशा गोळ्यांना डोपिंगच्या नियमांत बंदी आहे हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी त्या दिवशी मी ती घेतली असती, हे कबूल करतो.

त्या खोलीत विसाव्या मिनिटाला घाम थांबला. मला वाटलं, आता अंगात काढण्यासारखं काही उरलं नाही, म्हणजे वजन बसलं. मग पोटऱ्या दगडासारख्या झाल्या, भिंत जवळ-लांब होऊ लागली. दारावर धडका बसल्याचं आठवतं, आणि वस्तादांचा आवाज: "काय करून राहिला बे तू आत? दार उघड!"

दवाखान्यात तीन दिवस सलाइन होतं. लघवी काळ्या चहासारखी झाली होती. मूत्रपिंडं किती काम करतात ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं होतं, डॉक्टर रोज रक्त तपासायचे. आई पायथ्याशी बसून असायची, काही बोलायची नाही.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला आमच्या कूलरमुळे समजलं. नागपूरची उन्हाळ्यातली हवा कोरडी. पाणी सुकतं म्हणून कूलर गार हवा देतो, आणि घाम सुकतो म्हणून आपण ४५ अंशांत तग धरतो. प्लॅस्टिक चढवलं की घाम निघतो, पण सुकत नाही. म्हणजे पाणी जातं आणि गारवा मिळत नाही. आतला ताप चढत जातो, स्नायू फुटायला लागतात आणि त्यातून निघालेलं रक्तात उतरून मूत्रपिंडं बंद पाडतं. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत कॉलेजचे तीन पहिलवान वजन उतरवताना महिनाभराच्या अंतरात मेले. त्यातला एक रबरी सूट घालून, सुमारे ३३ अंशांच्या खोलीत सायकल मारत होता. आमच्या टिनाच्या खोलीत त्या दिवशी किती असेल, याचा विचार आजही मी पूर्ण करू शकत नाही.

जिवाचा धोका मला पलंगावरच समजला. दुसरी गोष्ट समजायला वेळ लागला, आणि ती जास्त बोचते.

त्याआधीच्या हिवाळ्यात मी ५७ मध्ये एक स्पर्धा जिंकली होती. वजन आदल्या संध्याकाळी झालं, कुस्त्या दुसऱ्या दिवशी दुपारी. रात्रभर मी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी प्यायलो, केळी आणि वरण-भात खाल्ला. सकाळी ६१ च्या वर होतो. फायनलला रामटेककडचा मुलगा होता, खराखुरा ५६ चा. पोटभर जेवून काट्यावर उभा राहिलेला. मी त्याला पहिल्याच मिनिटात कमरेतून उचलला. सारख्या वजनाच्या माणसाशी लढत द्यावी, एवढ्यासाठीच गट असतात. मी तो नियम काट्यावर पाळला आणि मॅटवर मोडला. आमच्यात म्हणतात, सगळेच करतात तर बरोबरीच झाली. पण त्या मुलानं केलं नव्हतं. आणि करणाऱ्यांतही ज्याच्या घरी डॉक्टर, सलाइन, घाम काढायचा सौना, तो पुढे जातो.

७ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये विनेश फोगाट ५० किलोच्या फायनलच्या सकाळी १०० ग्रॅमनं बाद झाली, तेव्हा तालमीत सगळे नियमाला शिव्या देत होते. मीही त्या दिवशी जेवलो नाही. आदल्या दिवशी तिनं जपानच्या युई सुसाकीला हरवलं होतं, आणि रात्रभर घाम काढून, केस कापूनही काटा सरकला नाही. तरी मला तो नियम बरोबर वाटतो. २०१८ पासून कुस्तीत वजन त्याच सकाळी घेतात, आणि दुसऱ्या दिवशी लढायचं असेल तर पुन्हा घेतात. आदल्या संध्याकाळचं वजन असतं तर मी केलं तेच सगळ्यांना करता आलं असतं. त्याच पॅरिसमध्ये ५७ चं कांस्य जिंकणाऱ्या अमन सेहरावतनं एका रात्रीत ४.६ किलो उतरवले. त्याला जमलं म्हणून आपण टाळ्या वाजवल्या, तिला जमलं नाही म्हणून रडलो. त्या दोन रात्रींत मला फार फरक दिसत नाही.

दवाखान्यातून आल्यावर दोन महिने मॅटवर पाय ठेवला नाही. मग ६१ ला जायचं ठरवलं. वस्ताद म्हणाले, "एकसष्टात तुले उचलून फेकतीन ते पोट्टे." मी म्हणालो, "फेकू द्या वस्ताद. पण मी तिथं पाणी पिऊन उभा राहीन." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच माझ्यासाठी वजनं उचलायचा वेगळा तक्ता करून आणला.

उतरवायचे होते फक्त दोन किलो, आणि त्यासाठी पाच आठवडे घेतले. अमेरिकेतल्या त्या तीन मृत्यूंनंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट, सौना आणि लघवीच्या गोळ्या बंद झाल्या. हंगामाच्या आधी, अंगात पुरेसं पाणी आहे हे लघवी तपासून पाहिल्यावरच प्रत्येकाचा सगळ्यात खालचा गट ठरवतात आणि आठवड्याला वजनाच्या दीड टक्क्याहून जास्त उतरू देत नाहीत. मी त्याच्याही आतच राहिलो. ज्वारीची भाकर, मूग, दही, अंडी. रात्रीचा भात निम्मा, सकाळचे तर्री-पोहे फक्त रविवारी. रोज उठल्यावर वजन आणि लघवीचा रंग वहीत लिहायचा. रंग गडद दिसला की त्या दिवशी वजनाचा विचारच करायचा नाही, पाणी प्यायचं.

पहिल्या स्पर्धेच्या सकाळी काट्यावर ६०.४ आलं. दुसऱ्या फेरीत ४-६ नं हरलो. पण शेवटच्या मिनिटाला माझ्या पायांत जोर होता, हे ५७ मध्ये कधीच झालं नव्हतं. गाडीत वस्ताद म्हणाले, "आज तू लढला." मला रडू आलं.

रामटेकच्या मुलाला मी शोधून काढलं. तो आता कुस्ती करत नाही. सीताबर्डीत एका दुकानात काम करतो. मी सगळं सांगितलं, ६१ चा आकडासुद्धा. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मले वाटलं होतं, माझ्यातच दम नाही."

आता आमच्या तालमीत प्लॅस्टिक चढवून कुणी आत येत नाही. चौदा वर्षांखालच्या पोरांचं वजन वस्ताद स्वतः वहीत लिहितात आणि त्या वजनाखालच्या गटात नाव देत नाहीत. पण आमच्याकडच्या काही स्पर्धांत वजन अजून आदल्या संध्याकाळीच होतं. ते कुस्तीच्या सकाळी घ्या, असा अर्ज आम्ही आयोजकांकडे दिला आहे. खाली एकवीस पोरांच्या सह्या आहेत, आणि बाविसावी सही मी सीताबर्डीला जाऊन आणली.