तुम्ही विचारलंत म्हणून: उंच केलेली गाडी कागदावर बसते का?

नागपुरात सदरपासून हिंगण्यापर्यंत गाडीची हौस असलेला जो भेटतो तो हेच विचारतो: "गाडी उचलली, जाड टायर लावले, पुढे लोखंडी बंपर बसवला. आता आरटीओतून पास कशी करून घ्यायची?" काम झाल्यावर विचारताय, तिथंच घोळ आहे. आधी लेखी परवानगी, मग गॅरेज.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की गाडीत असा बदल करायचा नाही, ज्यानं आरसीतला (नोंदणी प्रमाणपत्रातला) तपशील आणि कंपनीनं मुळात ठरवलेला तपशील यांत फरक पडेल. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही कंपनीचं मूळ स्पेसिफिकेशन बदलता येणार नाही, असंच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ नव्यानं लिहिलं गेलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंड गाडीमागे नाही, बदलामागे आहे.

मग कागदावर काय बसतं? रंग बदलणं, मान्यताप्राप्त सीएनजी किट, दिव्यांग चालकासाठी केलेली सोय, परवानगी घेऊन बदललेलं इंजिन. छत कापणं, चॅसिस (गाडीचा खालचा सांगाडा) कापून लांबवणं हे बसत नाही, कोणी कितीही "करून देतो" म्हणो. लोखंडी क्रॅशगार्डबद्दल, म्हणजे पुढे बसवलेल्या त्या लोखंडी बंपरबद्दल, केंद्रीय परिवहन मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाईचं पत्र पाठवलं आहे. तो गार्ड धडकेचा जोर थेट चॅसिसला देतो, एअरबॅगच्या सेन्सरचा हिशोब बिघडवतो आणि पायी चालणाऱ्याला जास्त इजा करतो. तो काढूनच टाका.

सस्पेन्शनचं प्रकरण जास्त फसवं आहे, कारण स्प्रिंगची उंची आरसीत लिहिलेली नसते. म्हणून लोकांना वाटतं, कोण बघतं? पण अपघात झाला की तपासणीत तेही बघितलं जाऊ शकतं. माझं मत स्पष्ट आहे: कंपनीनं त्याच मॉडेलला दिलेले शॉकअप, स्प्रिंग आणि टायरसाईज यांच्या बाहेर जाऊ नका.

नागपुरात गाडी उचलायचा मोह का होतो, तेही समजतं. सिमेंट रोडची कड आणि बाजूची जुनी पट्टी यांत जागोजागी पायरी पडली आहे. पण पुढच्या स्प्रिंगवर स्पेसर (उंची वाढवणारी चकती) टाकला की ड्राइव्हशाफ्टचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, कोन वाढतो, त्याच्या टोकाच्या सीव्ही जॉइंटचा रबरी बूट ताणून फाटतो, ग्रीस उडतं, आणि पूर्ण वळणावर कटकट सुरू होते. ब्रेकचा होज (रबरी नळी) चाक खाली लोंबकळताना ताणला जातो. गाडी फक्त पुढून ३० मिमी उचलली आणि पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २६०० मिमी असेल, तर हेडलाइटची रेघ दहा मीटरवर साधारण साडेअकरा सेंटिमीटर वर जाते. लो बीम (जवळचा झोत) दहा मीटरवर दहाएक सेंटिमीटर खाली झुकलेला असतो, म्हणजे तो सगळा झुकाव गेला आणि समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश. पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला दांडीनं जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (वजनानुसार मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा) असेल, तर गाडी उंच झाल्यावर त्याला ती रिकामी वाटते आणि भरलेल्या गाडीलाही मागचा ब्रेक कमी लागतो. घाटात याचा अर्थ काय, ते सांगायला नको.

गाडी खाली बसवायला स्प्रिंगचे वेढे कापणं तर याहून वाईट. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, टोकाची बसकण जाते, आणि खड्ड्यात चाक लोंबकळलं की ती जागेवरून सरकते. जुन्या धाटणीच्या कमानींचं (पट्ट्यांच्या स्प्रिंगचं) काम असेल तर त्या ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवेच घ्या आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा कसून बघा.

टायरचा हिशोब सोपा आहे. २१५/६० आर १६ (रुंदी मिमीत, उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) चा व्यास सुमारे ६६४ मिमी, २३५/६० आर १६ चा ६८८. साडेतीन टक्क्यांच्या वर फरक: मीटरवर ८० दिसतं तेव्हा आधीपेक्षा जवळजवळ तीन किलोमीटर जास्त वेगानं जात असता. शिवाय लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको.

चालणारा बदल असेल तर अर्ज सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर, 'अल्टरेशन ऑफ व्हेईकल' या सेवेत. नागपूरच्या आरटीओंपैकी एमएच ३१, ४० की ४९, गाडी ज्या कार्यालयाची तिथंच. सोबत आरसी, विमा, पीयूसी, किटचं मान्यता प्रमाणपत्र आणि बसवणाऱ्याचं बिल. कर्ज चालू असेल तर बँकेची लेखी संमती आधी घ्या. परवानगीशिवाय बदल झालाच असेल तर १४ दिवसांत कळवायची जबाबदारी मालकाची, पण कळवलं म्हणून न चालणारा बदल चालत नाही. तो उलटा फिरवून मूळ भाग बसवावेच लागतात, म्हणून काढलेला मूळ बंपर आणि स्प्रिंग भंगारात देऊ नका.

नवी नोंद आरसीवर चढली की त्याची प्रत विमा कंपनीला देऊन पॉलिसीवर एंडोर्समेंट (बदलाची नोंद) करून घ्या. न सांगितलेला बदल सर्वेअरला (विमा कंपनीच्या तपासनिसाला) दिसला की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम तिथंच अडकू शकतो.