खुन्याचे नाव न घेता

शनिवार, रात्र. लीड्स.

आज अखेर हॅरोगेटला जाऊन आले. 2003 मध्ये सुरू झालेला गुन्हेकथांचा उत्सव तिथे जुलैमध्ये भरतो, आता ओल्ड स्वान हॉटेलात. इथून ते गाव रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासावर असूनही मी इतकी वर्षे टाळत आले, कारण ज्या लेखकाच्या पुस्तकाने माझी झोप उडवली तोच हिरवळीवर बिअरचा ग्लास घेऊन हसताना दिसला, तर त्याच्या पुढच्या पुस्तकातली भीती ओसरेल असे मला वाटे. आज तसे दोघे-तिघे दिसले, आणि खून रंगवणारी माणसे इतकी आनंदी कशी, याचेच नवल वाटत राहिले.

त्याहून मोठे नवल तिथल्या बोलण्याचे वाटले. स्वाक्षरीच्या रांगेत, तंबूत, चहाच्या टेबलावर दिवसभर अनोळखी माणसांशी पुस्तकांविषयी बोलले, पण एकाच्याही तोंडून खुन्याचे नाव निसटले नाही. नाव वर्ज्य असल्यामुळे बोलणे आपोआप दुसरीकडे वळते: कथा कोणाच्या तोंडून सांगितली आहे, पाऊस कुठे आणि का पडतो, महत्त्वाचा धागा लेखकाने चार किरकोळ वस्तूंच्या यादीत मधोमध टाकून आपली नजर त्यावरून कशी घसरवली. रांगेतल्या एका आजीबाईंनी माझ्या हातातले अर्धवट वाचलेले पुस्तक पाहून एवढेच विचारले, "स्वयंपाकघरातला प्रसंग आला का?" आला नव्हता. त्या गोड हसल्या आणि हवामानावर बोलू लागल्या.

मला सोलापुरातले आमचे भाड्याने पुस्तके देणारे वाचनालय आठवले. वडिलांच्या पिढीने बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड पाठ्यपुस्तकाआड धरून वाचले होते. माझ्या वेळी दडवादडवीची गरज उरली नव्हती, पण कोणीतरी महाभाग पहिल्याच पानावर पेन्सिलीने 'खून मामाने केला' असे लिहून ठेवत असे. अक्षर नेहमी एकच. तो वाचक मला कधी सापडला नाही, आणि (हे लिहायला हरकत नाही) एकदा त्याने मुद्दाम खोटे नाव लिहून मला पुरते फसवले होते.

ओल्ड स्वानमध्ये मात्र असे एक कोडे आहे की ज्याचे उत्तर कोणी पेन्सिलीने लिहून ठेवू शकत नाही. डिसेंबर 1926 मध्ये अगाथा ख्रिस्ती घरातून नाहीशा झाल्या. त्यांची गाडी सरे परगण्यात बेवारस सापडली, देशभर शोध सुरू झाला, आणि अकरा दिवसांनी त्या याच हॉटेलात सापडल्या. मुक्कामासाठी त्यांनी नील हे आडनाव सांगितले होते, आणि ते त्यांच्या पतीच्या प्रेयसीचे होते. त्यांना ओळखले ते हॉटेलच्या वाद्यवृंदातल्या एका वादकाने. पुढे आत्मचरित्रातही त्यांनी या दिवसांवर मौनच पाळले. दुपारी तिथल्या जिन्यापाशी मी उगाच रेंगाळले. शेवटचे पानच नसलेल्या गोष्टीत उभे राहिल्याचा तो अनुभव माझ्यासारख्या शेवटासाठी हपापलेल्या वाचकाला जरा अस्वस्थ करणारा होता.

चार नवोदित लेखकांच्या परिसंवादातून एकीचे पहिलेवहिले पुस्तक घेतले. तिने स्वाक्षरीपूर्वी माझ्या नावाचे स्पेलिंग तीनदा विचारले आणि तरीही चुकवले.

परतीच्या गाडीत स्वयंपाकघरातला प्रसंग आला. लीड्स आले तेव्हा चाळीस पाने उरली होती; घरी न जाता फलाटावरच्या बाकावर बसून ती संपवली.