मेसमधल्या पाट्या आणि आमची तक्रार : माझा अनुभव

2024 ची गोष्ट आहे, विद्यापीठाचं नाव घेत नाही. मी पीएचडीला, हॉस्टेलवर राहतो. एक दिवस मेसमध्ये भिंतीकडच्या टेबलांवर 'फक्त शाकाहारी' असे कागद चिकटलेले दिसले, आणि त्याच आठवड्यात नंदुरबारकडच्या आमच्या एका ज्युनियरला अंडाभुर्जीचं ताट घेऊन तिथं बसला म्हणून सगळ्यांदेखत उठवलं. वर "तुमच्या वस्तीवर चालतं हे" असंही ऐकवलं. पोरगा काही बोलला नाही, पण मेसला यायचाच बंद झाला, रूमवर बिस्किटं खाऊन राहायचा.

रेक्टर सरांकडे गेलो तर, "आपापसात मिटवा रे, बाहेर जाऊ देऊ नका." माझं स्पष्ट मत आहे की अशी प्रकरणं इथंच चिघळतात. 2023 ला आयआयटी मुंबईत अशाच टेबलांवरनं वाद झाला तर विरोध करणाऱ्या विद्यार्थ्यालाच 10,000 रुपये दंड लावला. हैदराबाद विद्यापीठात आंबेडकरी विद्यार्थी संघटनेतला पीएचडीचा विद्यार्थी रोहित वेमुला आणि त्याच्या चार मित्रांना हॉस्टेलबाहेर काढलं, पोरं थंडीत उघड्यावर झोपली, आणि 17 जानेवारी 2016 ला रोहितने आत्महत्या केली. हे सगळं डोक्यात होतं म्हणून आम्ही गप्प बसायचं नाही असं ठरवलं.

यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) 2012 चे समानतेचे नियम आहेत, त्यात जातीवरनं, धर्मावरनं हॉस्टेल-मेसमध्ये वेगळं काढणं हा भेदभाव धरलाय, त्यासाठी भेदभावविरोधी अधिकारी नेमायचा असतो आणि 60 दिवसांत निकाल द्यायचा असतो. आमच्याकडे तो अधिकारी कोण हेच ऑफिसात कोणाला सांगता येईना. शेवटी अर्ज कुलगुरूंच्याच नावाने केला. अर्जात 'भावना दुखावल्या' वगैरे काही लिहिलं नाही. तारीख, वेळ, कुठलं टेबल, कोण काय बोललं, कोणी ऐकलं, आणि पाट्यांचे फोटो. पोराला आधी विचारलं, त्याने सही केली तेव्हाच दिला. आवक-जावकला शिक्का मारून ओसी (अर्जाची आपल्याकडची शिक्क्याची प्रत) घेतली, ती नसती तर पुढे अर्ज मिळालाच नाही म्हणायला ते मोकळे.

मधे कोणीतरी पाट्या फाडल्या, व्हिडिओ फिरला, दोन्ही बाजूंच्या संघटना गेटवर आल्या. प्रशासनाने काय केलं तर जमावबंदीसारखं परिपत्रक काढलं आणि पाट्या फाडल्याचा संशय धरून काही जणांना नोटिसा दिल्या. पाट्या लावणाऱ्यांबद्दल त्यात एक ओळ नाही! त्या रात्री पोरं खरी भडकली.

नंतर मात्र कुलगुरू मॅडम स्वतः मेसमध्ये आल्या, सोबत फक्त कुलसचिव. आधी त्या पोराशी बाजूला बोलल्या, मग सगळ्यांचं ऐकलं. शाकाहारी मुलांपैकी एकीने सांगितलं की तिला शेजारी कोण बसतं याचं काही नाही, पण चिकनची पळी तिच्या भाजीत येते त्याची किळस येते. मला वाटतं तिथंच गुंता सुटला, कारण स्वयंपाकाची भांडी वेगळी ठेवणं आणि माणसं वेगळी बसवणं या दोन गोष्टी तोपर्यंत सगळेच एकत्र करून भांडत होते. मेसच्या मावशी म्हणाल्या, "पळ्या-पातेली वेगळी करते की मी, आधी कोणी सांगितलं का मला?"

निर्णय लेखी आला: वाढायचे काउंटर आणि भांडी वेगळी, बसायचं कुणीही कुठेही, कुठल्याही टेबलावर पाटी नाही, नोटिसा मागे. ज्याने उठवलं त्याला लेखी माफी मागावी लागली. पोरगा आता मेसला येतो. पाट्या कोणी लावल्या ते अजून निघालेलं नाही, आणि त्या भेदभावविरोधी अधिकाऱ्याचं नाव-नंबर प्रत्येक हॉस्टेलच्या बोर्डावर लावा ही आमची मागणीही अडकलीय, त्याचं स्मरणपत्र परवाच दिलंय, ओसीसकट.