आबांच्या धोतरावरचा पिक्चर

लेकीला नववं लागायचं होतं आणि तिची मागणी ठरलेली होती: सगळ्या मैत्रिणींनी रात्री आपल्याकडे राहायचं आणि थिएटरसारखा पिक्चर बघायचा. वर्गातल्या एकीकडे तसं झालं होतं, तेव्हापासून डोक्यात भुणभुण. नाशकातल्या एका हॉलवाल्याला विचारलं, त्याने मुलामागे आठशे रुपये सांगितले, केक वेगळा. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, अडीच हजारांच्या वर एक रुपया जाणार नाही, आणि जे काही करायचं ते गच्चीवर.

गच्ची सुचली ती आबांमुळे. सासरे मूळचे खटाव तालुक्यातले. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा, तो त्यांनी लहानपणी पोटभर बघितलेला. तंबूत खुर्च्या नाहीत, खाली माती, पडदा मधोमध. पुढे जागा मिळाली नाही की पडद्यामागे जाऊन बसायचं. "तिकडनं हिरो डावखुरा दिसायचा," आबा म्हणाले. लेकीला हे इतकं आवडलं की हॉलचं नाव तिने परत काढलं नाही. वर आबांनी आणखी एक भर घातली: हिचा वाढदिवस ३ मे, आणि फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागला तोही ३ मे, १९१३ सालचा. फाळके जन्मले आमच्या त्र्यंबकेश्वरला. मग काय, विषय पक्का.

खर्चापेक्षा अवघड निघालं ते आयांना पटवणं. आपल्याकडे मामाकडे, आत्याकडे पोरं महिनाभर राहतात, पण 'मैत्रिणीकडे रात्री' म्हटलं की फोनवर लगेच शांतता पसरते. व्हॉट्सअ‍ॅपवर निमंत्रण टाकलं तर सगळ्यांचे अंगठे आले, होकार एकाचाही नाही. मग प्रत्येकीला फोन केला. कोण कोण असणार, झोपायचं कुठे, घरात पुरुष माणसं कोण, हेही विचारलं गेलं. मला राग नाही आला, मीही हेच विचारलं असतं. मी सगळ्यांना सांगितलं की मुली आणि मी एकत्र झोपणार, आबा आणि नवरा खाली फ्लॅटमध्ये. रात्री कितीही वाजता फोन करा, मी उचलेन. आणि पोरीला घरी जायचं असेल तर 'थांब गं जरा' असं मी म्हणणार नाही. एकीने साडेदहाला घेऊन जाते म्हटलं, तेही चालेल म्हटलं. शेवटी सहा मुली आणि एक भाचा ठरले, लेकीसह आठ. भाच्याला आबांजवळ झोपायचं होतं, त्यामुळे तोही प्रश्न मिटला.

प्रोजेक्टर भाड्याने आणला, दिवसाचे सातशे आणि हजार रुपये अनामत. आदल्या दिवशीच आणून लावून बघितला हे बरं झालं, कारण लॅपटॉपवर अ‍ॅपमधून पिक्चर लावला तर आवाज येत होता आणि चित्राच्या जागी काळं. अर्धा तास केबल काढघाल केली. शेवटी हॉलमधल्या टीव्हीची स्टिक काढून प्रोजेक्टरला खोचली, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालवली, तेव्हा चित्र आलं. वीज वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या खिडकीतून, लांब एक्स्टेन्शन बोर्डने. बदल्यात त्यांना पावभाजीचा डबा.

पडद्यासाठी पांढरी चादर काढली तर तिच्यावर फिकट निळी फुलं. तेव्हा आबा आपलं धोतर घेऊन आले. दुहेरी न करता कपडे वाळवायच्या दोन दोऱ्यांमध्ये ताणून बसवलं, चिमट्यांनी. कापड पातळ, उजेड आरपार जातो, म्हणून मी कुरकुरले, आबा म्हणाले, "जाऊ दे की, मागूनपण दिसंल." खरोखरच दिसलं.

बाकी तयारी लेकीनेच केली. कार्डशीटची तिकिटं, त्यावर 'खुर्ची नाही, सतरंजी आहे' असं तिच्या अक्षरात. भाचा डोअरकीपर, हातात टॉर्च. रिटर्न गिफ्टही तीच, तीस रुपयांची किचेन टॉर्च, सगळ्यांना जागा दाखवायला आणि रात्री बाथरूमला जायला. पावभाजी घरी केली, केक रव्याचा, कुकरमध्ये. बाजूने थोडा करपला तो भाग मी खाल्ला. पन्ह्याच्या कैऱ्या सोसायटीच्या झाडाच्या.

लाह्यांबद्दल मात्र सांगते. पाकिटातलं पॉपकॉर्न आठ जणांना घ्यायचं तर दीडशे-दोनशे सहज जातात. किराणा दुकानातून पाव किलो मक्याचे सुटे दाणे आणले साठ रुपयांना. जाड बुडाच्या पातेल्यात तेल, आधी तीन दाणे टाकायचे, ते फुटले की बाकीचे, तळ झाकेल एवढेच. झाकण अर्धं बोट उघडं, नाहीतर वाफ कोंडून लाह्या चिवट होतात. मीठ-हळद तेलातच घातली. अर्ध्या दाण्यांतच मोठा डबा भरला. आबांनी वर्तमानपत्राचे पुडे वळून ठेवलेले.

मे महिन्यात पिक्चर साडेसातच्या आधी दिसतच नाही, म्हणून केक आणि जेवण आधी उरकलं. सुरुवातीला वारा सुटला आणि धोतराचं शीड झालं. पडद्यावरचा ससा लांबट व्हायचा, मग रुंद, पोरं हसून बेजार. खालच्या काठाला मी पाण्याच्या बाटल्या बांधल्या. आठातले चौघे पडद्यामागे गेले, मधून जागा बदलायचे, आणि उलटी अक्षरं वाचायची स्पर्धा लागली. पिक्चर कुणी नीट बघितला असेल असं मला वाटत नाही. बरोबर मध्यावर आबांनी "मध्यंतर!" अशी आरोळी ठोकली आणि पन्हं फिरलं. खालच्या मजल्यावरून एक काका आवाज कमी करा म्हणायला आले आणि शेवटपर्यंत कठड्याला टेकून उभे राहिले.

साडेदहाची मुलगी आई आली तेव्हा जाईना. आईच बिचारी एक पुडा लाह्या खाऊन परत गेली. उलट जी सगळ्यात धीट होती, तिला साडेअकराला रडू फुटलं. आधी पोटात दुखतंय, मग डास, मग खरं कारण: "काकू, मला आई पाहिजे." फोन लावून दिला. आई येते म्हणाली, पण पोरगीच फोनवर 'थोडा वेळ थांबते' म्हणत राहिली. तेवढ्यात आबा चादरी द्यायला वर आले. त्यांनी तिला फाळक्यांची गोष्ट सुरू केली. तारामतीचं काम करायला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवलं. रोहिदासाचं काम करायलाही कुणी आपला मुलगा देईना, मग फाळक्यांनी स्वतःच्या मुलालाच, भालचंद्राला उभं केलं.

"का देईनात?" तिने विचारलं.

"त्यात त्याला साप चावतो."

मी कपाळाला हात लावला. पण पोरगी रडायची थांबली होती. "खरा साप होता?" तिथून पुढे सापांवरच बोलणं गेलं आणि सगळ्या जाग्या झाल्या. तिच्या आईला मी मेसेज केला, आता येऊ नका, सापांवर गाडी आलीय.

दीड वाजता तोंडावर थेंब पडले. वळवाचाच, मातीचा वास आधी आला होता, मी दुर्लक्ष केलं होतं. गाद्या, पांघरुणं, अर्धवट झोपलेल्या सात मुली आणि प्रोजेक्टर, सगळं दोन मजले खाली. प्रोजेक्टर मी पदरात घेतला होता आणि मुलींना ओरडून उठवत होते, हे क्रम चुकला असं नवरा अजून सुनावतो. हॉलमध्ये आडव्या-उभ्या पडलो. तीन वाजेपर्यंत कुजबुज चालू होती, नंतरचं मला माहीत नाही.

सकाळी पोहे. हिशेब लावला: प्रोजेक्टर सातशे, पावभाजी सहाशे वीस, केक दोनशे तीस, दाणे साठ, कार्डशीट-स्केचपेन नव्वद, डासांची उदबत्ती नि मलम एकशे दहा, पोहे दीडशे, सात टॉर्च दोनशे दहा. दोन हजार एकशे सत्तर. उरलेले तीनशे तीस लेकीने मागितले, मी दिले नाहीत. धोतरावर पन्ह्याचा डाग आणि चिमट्यांच्या गंजाचे चार ठिपके पडले, ते अजून निघाले नाहीत. आबा ते नेसूनच बाजारात जातात.

दुपारी प्रोजेक्टर परत द्यायला गेले. दुकानदाराने चालू करून बघितला, मग उलटा केला, तर जाळीतून मक्याची एक लाही टेबलावर पडली. त्याने ती बोटांत धरून बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि अनामतीचे हजार रुपये मोजून दिले.