फ्लूचा विषाणू केंद्रकात कशाला जातो?

कोरोनाही आरएनएचा विषाणू, फ्लूही आरएनएचाच. मग कोरोना सगळं पेशीद्रवात उरकतो आणि फ्लूला केंद्रकात जावं लागतं, ते का? हा प्रश्न बरेच जण विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

गोम टोपीत आहे. आपल्या पेशीतल्या संदेशवाहक आरएनएच्या सुरुवातीला मिथिल लावलेल्या ग्वानोसिनची टोपी असते. ती नसली की रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारं यंत्र, सहसा त्याला धरत नाही आणि उघडं टोक विकरं कुरतडतात. कोरोनाकडे टोपी घडवणारी स्वतःची विकरं आहेत, फ्लूकडे नाहीत. म्हणून तो पेशीच्या नुकत्या तयार होणाऱ्या आरएनएची टोपी पळवतो, आणि असा ताजा माल केंद्रकातच मिळतो. भूछत्रातल्या अल्फा-अमॅनिटिन विषाने पेशीचं आरएनए पॉलिमरेज-२, म्हणजे संदेशवाहक आरएनए लिहिणारं विकर, थांबवलं, तर फ्लूचे संदेशही थांबतात, ते याचमुळे.

फ्लू-एच्या जनुकसंचाचे ८ तुकडे. प्रत्येकाच्या टोकाशी तीन प्रथिनांचं पॉलिमरेज बसलेलं. त्यातलं पीबी२ टोपी धरतं, पीए टोपीपासून १० ते १३ अक्षरांवर (आरएनएची अक्षरं चार: ए, यू, जी, सी) कापतं आणि पीबी१ त्या तुकड्याला विषाणूचा मजकूर जोडत जातं. जोडलेलं पहिलं अक्षर बहुतेक वेळा जी असतं. पीएच्या कापणाऱ्या खोबणीत मँगनीजचे आयन असतात. बालोक्झाविर हे औषध नेमकं त्यांनाच धरून बसतं. पण पीएमध्ये ३८व्या जागी आयसोल्यूसिन या अमिनो आम्लाऐवजी थ्रिओनिन आलं, की औषधाची पकड ढिली होते. औषध सुरू असतानाच असे विषाणू निपजलेले रुग्णांमध्ये दिसले आहेत, म्हणून हा बदल गांभीर्याने पाहायला हवा.

संदेशाच्या शेवटी ए अक्षरांची लांब रांग असते, ती शेपटी. तिची युक्ती मला सर्वांत देखणी वाटते. आरएनएच्या दोन टोकांना ५' आणि ३' म्हणतात. मूळ तुकड्याच्या ५' टोकाजवळ ५ ते ७ यू ओळीने येतात. ते टोक पॉलिमरेजनेच घट्ट धरून ठेवलेलं असतं, त्यामुळे पुढे सरकायला वाव नसतो. मग पॉलिमरेज त्याच यूंवर अडखळत, ए, ए, ए असं पुन्हापुन्हा लिहीत राहतं. पेशीप्रमाणे वेगळं शेपूट-विकर लागतच नाही.

सातव्या आणि आठव्या तुकड्याचे काही संदेश पेशीच्या जोडकाम यंत्रणेतून (मधला भाग कापून उरलेले भाग जोडणाऱ्या) जातात आणि त्यातून एम२ व एनईपी ही प्रथिनं मिळतात. हे जोडकाम अर्धवटच व्हावं लागतं. सगळेच संदेश कापले गेले तर न कापलेल्या संदेशातून येणारं एम१ प्रथिन कशापासून बनणार?

प्रयोगशाळेत यातूनच दोन चुका होतात. स्वॅबमधल्या विषाणूकणांत शेपूट नसलेला मूळ आरएनए असतो. त्यासाठी ऑलिगो-डीटी प्रायमर (ए-शेपटीला चिकटून नक्कल सुरू करून देणारा छोटा तुकडा) वापरला तर तो आरएनए निसटतो. तिथे ३' टोकाच्या १२ सामाईक अक्षरांना जुळणारा प्रायमर हवा. आणि संसर्ग झालेल्या पेशींतल्या संदेशांचा क्रम वाचताना सुरुवातीची १०-१३ अक्षरं दर रेणूत वेगळी दिसली, तर तो बिघाड समजून छाटून टाकू नका. ती यजमान पेशीची, चोरलेली अक्षरं आहेत.